झाकणावरचा लाल रंग

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे. शेतातला दांडगा नव्हे, बागेतला छोटा. मला बघून कोणाला 'अय्या, किती गोड!' म्हणायचं असेल तर त्याने आत्ताच चालू पडावं. मी गोड नाही. काम करून आलो की माझ्या सायलेन्सरला हात लावून बघा, लगेच कळेल.

कारखान्यात मला एकच सिलिंडर मिळाला, पण चांगला मिळाला. एका रोपवाटिकेच्या मालकाने मला विकत घेतलं. घरात सगळे त्यांना बाबा म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो. बाबा कमी बोलायचे आणि माझं तेल वेळेवर बदलायचे. माणसाने यापेक्षा जास्त काही करू नये, असं माझं मत आहे. मी वाफे नांगरले, खताच्या ट्रॉल्या ओढल्या, चिखलात रुतलेल्या एका मोटारीलाही बाहेर काढलं. लोक म्हणायचे, 'एवढासा आहे, पण काय ताकद आहे!' त्यातलं 'एवढासा' मी अजून विसरलेलो नाही.

बाबांची थोरली मुलगी माझ्या मागेमागे असायची. पुढे तीच मला चालवायला लागली. धाकट्या मुलाला मात्र बाबा जवळ फिरकू देत नसत. 'लांब हो, मोडून ठेवशील!' असं म्हणायचे. तो कुंपणाशी उभा राहून बघायचा. मला तेव्हा ते बरंच वाटायचं, कारण त्याचे हात कायम चिकट असत.

बाबा गेले आणि रोपवाटिका थोरलीच्या गळ्यात पडली. तिला आता सगळे ताई म्हणतात. एक दिवस माझी ठिणगी देणारी कॉइल जळाली. ताईला सवड नव्हती. तिने मला शेडमध्ये ढकललं, वर रिकामी पोती टाकली आणि 'बघू नंतर' म्हणाली. मित्रांनो, 'बघू नंतर' या शब्दांचा मला मनापासून राग आहे. त्या 'नंतर'मध्ये माझ्या एअर फिल्टरात उंदरांचा संसार थाटला गेला.

मग ताईची कंबर गेली. कुदळ हाती धरवेना, तेव्हा तिला माझी आठवण झाली. नेमका त्याच आठवड्यात धाकटाही शेडच्या दारात येऊन उभा राहिला. त्याने हमरस्त्याला हॉटेल काढलं होतं.

"ताई, हा मला दे. गेटवर ठेवतो. इंजिन काढून आत माती भरायची, बॉनेटमधून फुलं सोडायची. लोक फोटो काढतील."

मित्रांनो, ऐकलंत ना? कुंडी! या माणसाला माझी कुंडी करायची होती.

"आधी तुझं डोकं उघड," ताई म्हणाली, "आणि त्यात माती भर. जागा भरपूर आहे."

"चालत नाही तो! ठेवून काय लोणचं घालणार आहेस?"

"चालेल."

"मग चालवून दाखव. तो मोठा वाफा एका दमात नांगरला तर तुझा. मधे बंद पडला तर माझा. आणि रंग मी देणार. नाहीतरी गेटवर ठेवायला लागणारच आहे."

ताईने हट्टाने हो म्हटलं. दोघेही असेच आहेत. माझ्या अंगावरून भांडतात आणि मला कोणी विचारत नाही.

ताईने मेकॅनिक बोलावला. नवी कॉइल आली, प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला, उंदरांना नोटीस मिळाली. इकडे धाकट्याने पत्र्यावरचा गंज घासून काढला आणि स्टूल टाकून मला लाल रंग द्यायला बसला. बॉनेट लाल, चाकांच्या रिंगा लाल, नटबोल्टसुद्धा लाल. जीभ बाहेर काढून रंगवत होता. मग त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण हातात घेतलं आणि त्याच्यावर रंगाचा जाड थर दिला.

आता इथे लक्ष द्या. त्या झाकणाच्या मधोमध सुईच्या अग्राएवढं भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी त्या भोकातून वरून हवा आत येते. हवा आली नाही की पेट्रोल टाकीतच अडकून बसतं. धाकट्याने ते भोक बुजवलं. मी बोंब मारली असती, पण मला हॉर्न नाही.

सराव सुरू झाला. पहिल्या झटक्यात मी धडधडत उठलो. ताई हसली. अर्धा वाफा झाला आणि मी धापा टाकत बंद पडलो. तासाभराने पुन्हा सुरू झालो, पुन्हा अर्ध्यात गचकलो. मेकॅनिकने कार्बोरेटर पुन्हा खोलला. मग पुन्हा प्लग, पुन्हा कॉइल.

"ताई, आता इंजिनात बदलायला काही उरलं नाही," तो म्हणाला.

"मग मलाच बदला!" ताईने हातातला पाना आपटला. तो माझ्या मडगार्डवर आपटला, हेही नोंदवून ठेवा.

ठरलेल्या दिवशी धाकटा खुर्ची घेऊन वाफ्याच्या कडेला बसला. सोबत मातीची पोती आणि फुलांची रोपं. रोपं त्याने ताईच्याच रोपवाटिकेतून उचलली होती! माझ्या पोटात लावायची रोपं माझ्यासमोर मांडून ठेवली होती, मित्रांनो. मी जिवाच्या आकांताने ओढत होतो. वाफा अर्धा झाला, त्याच्याही पुढे गेला, आणि माझा श्वास कोंडला. मी बंद पडलो.

धाकटा उठला. "झालं. हरलीस."

ताईचे डोळे भरले होते. पेट्रोल संपलं की काय म्हणून तिने टाकीचं झाकण फिरवलं. सुस्स! केवढ्यांदा हवा आत शिरली. ताई तशीच थांबली. मग तिने झाकण आभाळाकडे धरलं. पलीकडचा उजेड दिसेना.

"बंद पडला नाही हा!" ती ओरडली. "गळा दाबलास तू त्याचा! भोक बुजवलंस, गाढवा! मुद्दाम केलंस ना?"

"कसलं भोक?" धाकट्याने झाकण हिसकावून घेतलं, उलटंपालटं केलं. "मला काय माहीत इथे भोक असतं!"

"लहानपणापासून समोर आहे तुझ्या!"

"कुठे समोर? कुंपणापाशी!" आता तोही ओरडत होता. "बाबांनी एकदा तरी पेट्रोल ओतू दिलं मला? एकदा तरी सीटवर बसवलं? तू बसायचीस. मी बघायचो. हे झाकण हातात यायला केस पांढरे झाले माझे. निदान रंग तरी चांगला द्यावा म्हटलं."

 बांधावर उभा असलेला मेकॅनिक उगाचच पाना पुसत राहिला. मला दया आली नाही. थोडी गरमी वाटली असेल, ती इंजिनाची.

ताईने केसातली पिन काढली आणि त्याच्यापुढे धरली. "घे. तूच बुजवलंस, तूच मोकळं कर."

त्याने पिनेने रंग टोकरला, फुंकर मारली, झाकण माझ्यावर घट्ट बसवलं. मी सुरू झालो आणि तो वाफा शेवटपर्यंत नांगरला. पुढच्या वाफ्याची पहिली सरी काढताना सीटवर धाकटा होता. ती वाकडी आली. ताई बांधावरून त्याला शिव्या घालत होती.

कुंडीचं नाव पुन्हा निघालं नाही. तो आता अधूनमधून येतो आणि मला पेट्रोल घालतो. निम्मं माझ्या नव्या रंगावर सांडतो. दोघांची भांडणं होतात. माझीही त्याच्याशी आहेतच.

शेवटी काळजीबद्दल काहीतरी सांगायचं असतं, म्हणून सांगतो. मित्रांनो, जुन्या यंत्राला सजवायच्या आधी ते श्वास कुठून घेतं ते शोधा. 'बघू नंतर' म्हणू नका. आणि तुमच्या घरात कोणी धाकटं कुंपणाशी उभं राहून बघत असेल, तर त्याला जवळ बोलवा. त्याचे हात चिकट असले तरी एकदा झाकण उघडू द्या. बाबांनी ते केलं नाही, आणि गळा माझा दाबला गेला.