भावी सरपंचांच्या खुर्च्या

परंदवडीच्या ‘विराजमान मोल्डिंग’ कंपनीनं नावाच्या खुर्च्या कायमच्या बंद केल्या, दुसरी पाळी वाचली आणि मालकाला अक्कल आली.

नागरिकहो, वरचं वाक्य आपण वाचलेलं नाही. असं काहीही घडलेलं नाही. नावाच्या खुर्च्या जोरात सुरू आहेत, दुसरी पाळी बंद व्हायच्या बेतात आहे आणि मालकाच्या अकलेबद्दल तूर्त बोलण्यासारखं काही नाही. कंपनीची प्रॉडक्शन मॅनेजर यशोधरा आवारात उभी राहून एका डोंगराकडे बघते आहे. मावळात डोंगरांना तोटा नाही. पण हा डोंगर प्लास्टिकच्या खुर्च्यांचा होता, आणि त्यातल्या प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ठसठशीत सोनेरी अक्षरं होती: ‘भावी सरपंच’.

झालं होतं असं. विराजमान कंपनी वर्षानुवर्षं एकच खुर्ची बनवायची. पांढरी. लोक तिच्यावर बसायचे आणि उठायचे. यात कुणालाच काही चुकीचं वाटत नव्हतं. मग वडिलांच्या पश्चात कंपनी अतुलच्या हातात आली, आणि अतुल लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये उद्योजकांच्या शिबिराला जाऊन आला. तिथं त्याला कळलं की आता सगळ्यांना एकच माल विकण्याचे दिवस गेले. स्पर्धेत टिकायचं तर प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या गरजेप्रमाणे वेगळी वस्तू द्यायची, पण कारखान्याच्या वेगानं आणि कारखान्याच्या भावात. कल्पना अजिबात वाईट नव्हती. फक्त ‘गरज म्हणजे काय’ हा भाग चहानंतरच्या सत्रात होता, आणि चहानंतर अतुल बोटिंगला गेला होता.

“गिऱ्हाइकाला वेगळं काय लागतं सर?” यशोधरानं विचारलं होतं.

“नाव.”

“बसायला?”

“बसतं कोण यशोधरा आजकाल? लोक विराजमान होतात.”

आणि दुर्दैवानं तो खरं बोलत होता! पहिली ऑर्डर आणली सोपाननं. सोपान जवळच्याच एका गावातला होतकरू पुढारी. त्याला गावात घरटी एक खुर्ची वाटायची होती. पाठीवर नाव, नावाआधी ‘भावी सरपंच’, बाजूला हात जोडलेला फोटो. लोकांनी फोटोला पाठ लावून बसायचं, अशी योजना होती. सोपानच्या खुर्च्या बघून त्याचे विरोधक आले. विरोधकांच्या खुर्च्या बघून शेजारच्या गावचे आले. मग एका प्रतिस्पर्धी कंपनीनं ‘निश्चित भावी सरपंच’ अशी खुर्ची काढली. अतुलनं केबिनचं दार लावून दिवसभर विचार केला आणि ‘एकमेव निश्चित भावी सरपंच’ अशी खुर्ची काढली. याला तो स्पर्धात्मक धोरण म्हणायचा.

एवढ्या धामधुमीत एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत अजून निघायची होती.

ती निघाली. आसपासच्या बहुतेक गावांत सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं, आणि एका दुपारी सगळे भावी सरपंच आपापल्या टेम्पोत खुर्च्या भरून कंपनीच्या फाटकाशी हजर झाले. कारण अतुलनं जाहिरातीत छापलं होतं, ‘पसंत नसल्यास परत’.

“म्याडम, यवढं नावाम्होरं ‘सौ.’ लावून द्या की,” सोपान काकुळतीला आला.

“सोपानभाऊ, नाव तुमचं आहे.”

“मंग खाली बारीक अक्षरात ‘यांची पत्नी’ टाका.”

“आणि वहिनींचं नाव नाही टाकायचं?”

सोपाननं इकडेतिकडे बघितलं. “ती उबी ऱ्हानारे, ह्ये तिला अजून सांगितलं न्हाई.”

अशा रीतीनं तो डोंगर उभा राहिला.

यशोधराला हसू येत नव्हतं. कंपनीची दुसरी पाळी चालायची ती कामशेतच्या मुक्ताबाईंच्या जिवावर. मुक्ताबाईंचा मंडप डेकोरेशनचा धंदा. मावळातल्या लग्नांपासून लोणावळ्यात तुंगार्लीच्या बंगल्यांतल्या समारंभांपर्यंत खुर्च्या त्यांच्याच जायच्या, आणि त्या दरवर्षी लग्नसराईआधी साध्या पांढऱ्या खुर्च्यांची मोठी ऑर्डर द्यायच्या. यंदा साचे भावी सरपंचांत अडकले आणि मुक्ताबाईंचा माल राहून गेला. त्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता. तिसरा आला तो शेवटचा: “पोरी, या हप्त्यात खुर्च्या आल्या तर बरं. न्हाई तर मी दुसऱ्या कंपनीत चालले. माजी वऱ्हाडी काय सतरंजीवर बसवू व्हय?”

त्या गेल्या की दुसरी पाळी गेली. मशीनवरचे जानूभाऊ हे ओळखून होते. त्यांनी डोंगराकडे बघत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, “म्याडम, भावी तर घरी गेलं. आता आमची शिफ्ट माजी व्हनार म्हनं?”

यशोधरा तडक अतुलच्या केबिनमध्ये गेली.

“सर, मुक्ताबाईंच्या खुर्च्या!”

“झालं ना काम,” अतुल आनंदानं म्हणाला. “आलेल्या खुर्च्यांपैकी अर्ध्या मी दळायला दिल्या. त्याच प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या काढायच्या. नाव, ‘हरित विराजमान’. कचरा संपला, ऑर्डर पुरी झाली, पर्यावरण वाचलं. अहवालासाठी मी झाडाला मिठी मारलेला फोटोपण काढून घेतलाय.”

“सर, त्यात सोनेरी रंग आहे. तो प्लास्टिकशी एकजीव होत नाही. पाय ठिसूळ होतात. पांढरी साधी खुर्ची परत आली असती तर दळायचीसुद्धा गरज नव्हती, पुसून दुसऱ्याला दिली असती. ह्या कुणाला देणार?”

“निसर्गासाठी थोडं सोसावं लागतं यशोधरा.”

“त्यावर निसर्ग बसणार नाहीये सर! लग्नातल्या म्हाताऱ्या बसणार आहेत!”

अतुलनं तिला फोटो दाखवला. झाड कंटाळलेलं दिसत होतं.

यशोधरा अगदी शांतपणे म्हणाली, “ठीक आहे. पहिला माल निघाला की टेम्पो भरते. पण तुम्हीही चला. मुक्ताबाईंकडे चहाला.”

चहाचं प्रकरण अतुलला ठाऊक नव्हतं; त्याच्या वडिलांना होतं. मुक्ताबाईंचा एक रिवाज होता. नवा माल आला की विकणाऱ्यानं आधी त्यावर स्वतः बसायचं आणि मोठा पेलाभर चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत खुर्ची टिकली तर पुढची बोलणी. आणि चहा इतका कढत असायचा की तो लवकर संपवणं माणसाच्या हातात नव्हतं.

कामशेतला, भाताच्या पोत्यांच्या वासात बुडालेल्या गोदामात अतुल ‘हरित विराजमान’वर बसला. मुक्ताबाई समोर, आपल्या जुन्या पांढऱ्या खुर्चीत. यशोधरा उभी. ती मुद्दाम उभी होती.

“मावशी,” अतुलनं फुंकर मारत सुरुवात केली, “ही नुसती खुर्ची नाही. हा एक विचार आहे.”

खुर्चीचे मागचे पाय किंचित फाकले.

“या विचारात ग्राहक आहे, पर्यावरण आहे...”

पुढचे पाय फाकले. वाक्यागणिक अतुलची उंची कमी होत चालली. तो बोलायचा थांबला नाही. शिबिरात त्याला शिकवलं होतं की समोरच्याच्या डोळ्यांतून नजर काढायची नाही. त्यामुळे तो नजर वर, आणखी वर करत राहिला.

“...आणि यात आहे एक भक्कम भविष्य!”

काट्!

चारी पाय चार दिशांना गेले. अतुल जमिनीवर होता. पेला मात्र त्यानं सरळ धरला होता, हे मान्य करायला हवं. तुटलेल्या पायांत सोनेरी कण चमकत होते. आसपासच्या कितीतरी गावांचं भवितव्य त्यात बारीक दळलेलं होतं.

मुक्ताबाई हसल्या नाहीत. “तुज्या जागी माजी वऱ्हाडीन असती तर?” त्यांनी विचारलं. “सत्तरीची म्हातारी. खुबा मोडला असता तिचा. मंग काय, हिरवा खुबा बशिवनार व्हतास व्हय?”

अतुलनं तुटलेला एक पाय उचलून नीट बघितला. यशोधराला ही नवलाची गोष्ट वाटली.

“आरं, परत्येकाचं मन राखायचं असतं, ह्ये मला का ठावं न्हाई? माजा धंदाच त्यो हाये,” मुक्ताबाई म्हणाल्या. “लगीन आलं, लाल कापड चढवते. वर्षश्राद्ध आलं, पांढरं. कुना साहेबाचा सत्कार आला तर त्याच्या नावाची पट्टी पाठीला बांधते. सांजच्याला सोडली पट्टी, संपला साहेब! खुर्ची हाये तिथंच. तुमी काय केलं? नाव खुर्चीच्या हाडात घातलं. आता त्यो मानूस पडला की खुर्ची बी पडली.”

“पण लोक मागतात मावशी.”

“कोन मागतं? मागायला येत्यात त्ये चार पुढारी. जी बसत्यात ती तुज्याकडं कदी आली? ती माज्याकडं येत्यात. म्हातारी म्हनत्यात, बाई, खुर्चीचा हात जरा वर पायजे, उटताना जोर लावाय. लेकुरवाळी म्हनती, एका बाजूचा हात नको, पोराला पाजाया. जाड मानूस लाजंनं काय म्हनत न्हाई, उबाच ऱ्हातो सगळं लगीन. ह्येंच्यासाठी कर की येगळं! नावाला कोन बसतंय? मानूस बसतो.”

“मावशी, तुमची ही खुर्ची किती वर्षांची?” अतुलनं हळूच विचारलं.

“तुजा बाप जिता व्हता तवाची. हितंच बसून च्या प्याला त्यो. दोन पेलं.”

त्या उठल्या आणि खुर्ची त्याच्याकडे सरकवली. अतुल तिच्यात बसला. विराजमान वगैरे झाला नाही. नुसता बसला. बराच वेळ तो खुर्चीच्या झिजलेल्या हातांवरून हात फिरवत राहिला. मग त्यानं मान वर केली.

“यशोधरा, बैठक एकच ठेवून हात वेगळे बसवता येतील? उंच, बुटके, काढता येणारे?”

“सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं सर. चार स्क्रूचं काम आहे. तुटला तर तेवढा हात बदलायचा, खुर्ची फेकायची नाही.”

“मग मी काय म्हणालो होतो?”

“तुम्ही म्हणालात, हातावर नाव मावणार नाही.”

अतुलनं डोळे मिटले. “चुकलंच माझं! आजपासून नावं बंद. मावशी, आठवडा द्या. साध्या पांढऱ्या येतील. पहिलीवर मीच बसेन.”

“बसशीलच की,” मुक्ताबाई म्हणाल्या. “च्या गरम ठिवते.”

आठवड्यानं माल गेला. चहा संपला, खुर्ची टिकली. मागोमाग काढलेल्या उंच हातांच्या खुर्च्यांची मागणी इतकी आली की प्रतिस्पर्धी कंपनीनंही त्या काढल्या, आणि अतुलनं पहिल्यांदाच केबिनचं दार लावून विचार केला नाही. दुसरी पाळी चालू आहे. सुरुवातीचं वाक्य आता वाचकांनी वाचायला हरकत नाही.

तर नागरिकहो, यातून घ्यायचं ते एवढंच. वस्तू माणसासाठी वेगळी करावी ती त्याच्या गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, त्याच्या अडचणीसाठी. त्याच्या तोऱ्यासाठी केली की ती दुसऱ्या कुणाच्याच कामाची उरत नाही, आणि तोरा तर वस्तूच्या आधीच विटतो. आपण उठल्यावर ती चीज दुसऱ्याला बसता येण्याजोगी राहावी. झाडाला मिठी त्यानंतर मारली तरी चालेल. आणि आपण घेणारेही तितकेच दोषी! कारखाना तेच ओततो जे आपण मिरवतो.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. न दळलेला अर्धा डोंगर अजून परंदवडीच्या आवारात उभा आहे. त्याबाबत कंपनीनं योग्य त्या कार्यालयात रीतसर अर्ज दिला आहे, तो असा:

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आमच्या आवारात पडून असलेल्या खुर्च्यांवरील सर्व भावी सरपंचांची एकाच दिवशी, एकाच वेळी व आरक्षणाची अट शिथिल करून सरपंचपदी नेमणूक करण्यात यावी, जेणेकरून ते आपापला माल उचलून नेतील. गावे कमी पडल्यास नवीन गावे मंजूर करावीत. खुर्च्या आम्ही पुरवू. कळावे.’