पेंग्विनांचं गाव

आवाज येतोय ना, मग सगळं ठीक आहे. हा नियम आमच्या घरात नवऱ्याने घातला. सासूबाईंची साखर कधीही एकदम उतरते, बोलता बोलता त्या गळून पडतात. लगेच गालाच्या आत साखर चोळली तर उठून बसतात, उशीर झाला तर उठणार नाहीत, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. पण मी बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसणार, सारखं आत कोण बघणार? म्हणून फोनवरचा त्यांचा तो फुगे फोडायचा खेळ, आवाज मोठ्ठा ठेवून. फट फट ऐकू आलं की आई शुद्धीवर आहेत.

खेळ तसा तान्ह्या पोरांचा. वर रंगीत फुगे, त्यांत अडकलेली सशा-मांजरांची पिल्लं, खालून एक गुबगुबीत अस्वल फुगे मारतं. तीन रंग जुळले की फुटतात आणि पिल्लू सुटतं. नेम चुकला की कोपऱ्यातलं माकड भोकाड पसरतं. सासूबाईंचा हात थरथरतो, त्यामुळे माकड दिवसभर रडतं आणि त्या दिवसभर त्याचा उद्धार करतात. "मेल्या, तुझ्या बापाचं काय गेलं?" माझं डोकं उठतं. पण बाईंची जिद्द दांडगी! कित्येक दिवस जंगलातच अडकल्यात. पुढे वाळवंट, मग समुद्र आणि सगळ्यात शेवटी बर्फातलं पेंग्विनांचं गाव. "ते बघितल्याशिवाय मी काही जात नाही," असं मला दम दिल्यासारखं सांगतात.

नणंदेने मध्यंतरी त्यांना एक बटण दाखवलं. ते दाबलं की अस्वल आपलं आपण खेळतं. सासूबाईंनी तिलाच झापलं. "अस्वलाने खेळायचं आणि मी टाळ्या पिटायच्या? हात पार गळाले तरच दाबेन."

आज जेवताना त्यांनी दोन घास खाऊन ताट सरकवलं. माझ्या मनात पाल चुकचुकली, नाही असं नाही. पण शाळेच्या गणवेशांचा ढीग पडला होता. "नंतर खा हं आई," म्हणाले आणि मशीनवर बसले. आतून फट फट सुरू झालं. थोड्या वेळाने शिव्या थांबल्या. म्हटलं, देव पावला, आज बाईंचा मूड बरा दिसतोय.

कोटाचं माप द्यायला बँकेतल्या बाई आल्या. त्या हात पसरून उभ्या राहिल्या आणि कान देऊन ऐकू लागल्या.

"आत कोण खेळतंय हो? आमच्याकडेही हाच खेळ चालतो."

"सासूबाई."

"कमाल आहे त्यांची! मी आल्यापासून माकड एकदाही रडलं नाही."

टेप माझ्या हातातच राहिली. एकदाही नाही? मघाशी कॉलर लावताना रडलं होतं का? नाही. त्याआधी बाह्या जोडल्या तेव्हा? नाही. त्याच्याही आधी काजं केली तेव्हा?

मी आत धावले. सासूबाई भिंतीला टेकून होत्या, मान कलती, अंग घामाने भिजून गार पडलेलं. फोन मांडीवर, अंगठा त्या बटणाशेजारी. पडदा पांढराशुभ्र होता. बर्फात पेंग्विन रांगेने उभे राहून टाळ्या वाजवत होते. जेवायला बसताना तिथे जंगल होतं. मेलं अस्वल एकटंच वाळवंट आणि समुद्र पार करून आलं होतं.

"गाडी बोलवा!" मी त्या बाईंवर ओरडले. साखर चोळली, चोळतच राहिले. "अहो आई, डोळे उघडा! तुमचे पेंग्विन आलेत, बघा ना!" साखर विरघळून ओठाच्या कोपऱ्यातून परत बाहेर आली.

मांडीवर फट फट चालूच होतं. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी बटण बंद केलं आणि मुद्दाम चुकीच्या रंगावर फुगा मारला. माकडाने भोकाड पसरलं. मी पुन्हा मारला, ते पुन्हा रडलं.

सासूबाई त्याला काहीच बोलल्या नाहीत.