गणेशची साक्ष

“आमच्या घरात दारूशिवाय दुसरा देव नव्हता,” गणेश माईकवर म्हणाला, आणि मांडवातल्या माना हळहळून हलल्या.

तिसऱ्या रांगेत छायाताई बोर्डे बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसलेल्या रुखमाबाई त्यांच्याकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “हे कोनाच्या बापाचं सांगून राह्यला तो?”

छायाताईंनी चमकून गणेशकडे पाहिलं. कारण रुखमाबाई गणेशची आई. आणि तो ज्यांच्याबद्दल बोलत होता ते पंजाबराव गळ्यात माळ घालणारे. उभ्या जन्मात त्यांनी दारूचा वास घेतला नव्हता.

छायाताई चिखलीच्या कॉलेजात लॅब असिस्टंट. दर गुरुवारी संध्याकाळी कॉलेजातली ख्रिस्ती मुलं त्यांच्या घरी प्रार्थनेला जमत. अमडापूरच्या शेतकऱ्याचा गणेश असाच कुणा मित्राबरोबर आला, रमला आणि पुढे ख्रिस्ताचा झाला. एका गुरुवारी पंजाबराव स्वतः दारात उभे राहिले. आता भांडण होणार म्हणून पोरं धास्तावली. पंजाबरावांनी जोडे काढले, भिंतीला टेकून अख्खी प्रार्थना ऐकली आणि मग बाहेरून ज्वारीचं पोतं आत आणून ठेवलं. “लेकरू तुमच्या इथं जेवते. देव कोनता धरावा ते त्याचं तो पाहीन. मानूस म्हून बिघडू देऊ नका, बाई.” बाप्तिस्म्याच्या दिवशीही ते मागच्या बाकावर येऊन बसले होते. उगाच कुणाला दिसू नये असे.

पुढे पंजाबराव वारले तेव्हा छायाताई अमडापूरला धावल्या होत्या. नंतरही त्या जात राहिल्या. पोरं शिकतात आणि पुण्याला उडतात. त्यांच्या आया इथेच राहतात, आणि त्यांच्याकडे कुणीतरी जायला हवं. माजी विद्यार्थ्यांशी संबंध ठेवायचा म्हणजे छायाताईंच्या लेखी एवढंच.

असे प्रार्थनागट चालवणाऱ्या संस्थेच्या पुण्याच्या ऑफिसला ते पुरेना. त्यांनी रूबेन उजागरे नावाच्या तरुणाला ‘माजी विद्यार्थी समन्वयक’ म्हणून पाठवलं. “ताई, आपल्याला जुन्या मुलांशी नातं बांधायचंय,” तो आल्या आल्या म्हणाला होता, जणू तोवर इथे नातं उघड्यावर पडलं होतं. मग त्यानं चर्चच्या आवारात मांडव घातला आणि मेळावा भरवला. मुख्य पाहुणा गणेश. पहाटे पुण्याहून गाडीनं निघायचं, साक्ष द्यायची, म्हणजे आपण ख्रिस्ताकडे कसे आलो ते सांगायचं, आणि जेवून परत. अर्ध्या तासावरच्या अमडापूरला जायचं नावही नाही. ते ऐकून छायाताई चिडल्या आणि गणेशला न कळवता एसटीनं जाऊन त्याच्या आईला घेऊन आल्या.

“बाप रोज पिऊन यायचा,” गणेश शुद्ध पुणेरीत सांगत होता. “आईला काठीनं मारायचा. मी प्रार्थना करतो म्हणून त्यानं मला घराबाहेर काढलं...”

“हालेलुया,” पुढून कुणीतरी म्हणालं. टाळ्या पडल्या.

रुखमाबाईंना आता कळलं होतं. त्या स्वतःच्या हातांकडे बघत बसल्या. ते पाहून छायाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या उभ्या राहिल्या.

“गणेश, बस कर.”

रूबेन लगबगीनं आला. “ताई, साक्ष चालू आहे. अशी मध्येच थांबवत नाहीत.”

“साक्ष म्हनता याले? मेलेल्या मानसाची बदनामी चालू आहे. गणेश, कोनं मारलं रे तुया आईले? ही बसली इथं. तिच्या तोंडाकडे पाहून सांग.”

गणेशनं पाहिलं. त्याचा हात माईकवरून खाली आला. मांडवात सगळे मागे वळून रुखमाबाईंना बघू लागले, आणि छायाताईंना आपलाच राग आला. त्यांनी रुखमाबाईंचा हात धरून त्यांना बाहेर नेलं.

गणेशनं त्यांना फाटकाशी गाठलं. तोही संतापला होता. “ताई, चार लोकाईत इज्जत काढली तुम्ही माही. एका शब्दानं सांगाचं होतं, आई आली म्हून.”

“म्हंजे ती नसती तर चाललं असतं?”

“पयल्या शिबिरात मी खरंच सांगतलं होतं. बाप चांगला होता, नाही म्हनला नाही, म्हून सांगतलं. कोनी ऐकलं नाही, ताई. जांभया देऊन राह्यले होते. मंग शिबिरातला एक भाऊ म्हने, आधी अंधार दाखव, तवा उजेड दिसते. थोडंसंच वाढवलं होतं. मंग दर वर्षी...” तो थांबला.

“मंग दर वर्षी बापाले थोडं थोडं मारत आला तू,” छायाताई म्हणाल्या. “त्याच्या ज्वारीच्या भाकरी मीच थापल्या रे. त्या खाऊनच तू प्रार्थनेले बसे. थू तुया साक्षीवर.”

“राहू द्या, छायाबाई,” रुखमाबाई म्हणाल्या. “मले स्टँडवर पोचवा.”

“आई, गाडी आहे. मी सोडतो.”

त्या ऐकू न आल्यासारख्या चालू लागल्या. तो स्टँडपर्यंत मागे मागे आला. अमडापूरची गाडी लागलेलीच होती. रुखमाबाई चढल्या, खिडकीशी बसल्या. तो खाली उभा राहिला.

“आई, चुकलं माह्यं. पुढच्या टायमाले खरं सांगीन मी. देवाची आन.”

“कोनाले सांगशीन?” रुखमाबाईंचा आवाज अगदी साधा होता. “ज्याईनं ऐकलं ते तं चालले आपापल्या गावाले.”

गणेशनं खिडकीचा गज धरला. आत छायाताई रुखमाबाईंच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचा राग अजून धुमसत होता, पण त्याचा आता रुखमाबाईंना काही उपयोग नव्हता.

कंडक्टरनं घंटी दिली. “आई, पाह्य तं इकडे,” गणेश म्हणाला.

रुखमाबाईंनी परक्या माणसापुढे ओढावा तसा डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढला, आणि गाडी हलली.