सांध्यातलं रेझिन

बोट पाण्यात उतरून एक रात्र झाली होती आणि आत पाण्याचा थेंब नव्हता. विश्वास टिपणीस धक्क्यावर गुडघे टेकून बसला होता. बोटीच्या आतून तळाला हात लावून कोरडा तळवा येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता.

"बघ दिलीप, खडखडीत कोरडी! तीन आठवडे काय ओली ठेवलीस रे हिला!"

"तू सांगितलं होतंस ना," दिलीप सरंजामे म्हणाला आणि तलावाकडे बघू लागला.

एक बादलीही धड ओतली नव्हती त्याने. म्हणजे ओतली होती, पहिले तीन दिवस. बारा फुटांची ही शिडाची बोट विश्वासने स्वतःच्या हातांनी बांधली होती. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कोलार रोडवरच्या कॉलनीत, पार्किंगमध्ये, चार वर्षं ठोकाठोक करून. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो इंदूरला बहिणीकडे गेला आणि बोट शेजाऱ्याच्या हवाली केली. उन्हाळ्यात लाकूड आकसून फळ्यांमध्ये रुपया जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ आत दोन बादल्या पाणी ओतायचं, वरची पोती भिजवायची, लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात, एवढंच काम होतं.

पण दिलीप सोसायटीचा सेक्रेटरी. टँकरचं पाणी जपून वापरा, अशी नोटीस त्याच्याच सहीने लिफ्टपाशी लागलेली. चौथ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी गॅलरीतून विचारलं, "क्यों सेक्रेटरी साहब, नाव को नहला रहे हैं?" झालं! सेक्रेटरीसाहेबांचं नाक कापलं गेलं. त्यात एकतीस वर्षं त्याने कारखान्याच्या इन्सुलेशन विभागात काढलेली. मोटरच्या वेटोळ्यांत रेझिन भरण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पाणी ओतून फटी बुजवायच्या, ही काय इंजिनिअरची पद्धत झाली? त्याने सुकल्यावर टणक होणारं रेझिन आणलं, हार्डनर मिसळला, एकेक सांधा गच्च भरला, घासून गुळगुळीत केला आणि वर निळ्या रंगाचे दोन हात दिले. काम इतकं सुरेख झालं की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

विश्वास परत आला तेव्हा एका डोळ्याला अजून झगझगत होतं, दुसऱ्यातला मोतीबिंदू काढायचा राहिला होता, वर काळा चष्मा होता. बोटीवर हात फिरवून तो म्हणाला, "अरे वा, सगळे सांधे मिटले की!" तिथेच दिलीपने सांगून टाकायला हवं होतं. पण कौतुक आयतं चालून आलं होतं, आणि आयतं कौतुक परत करणाऱ्यातला दिलीप नव्हता.

आज बोट घेऊन निघाली होती विश्वासची मुलगी, स्वरदा. नारिंगी लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून तिने दोर सोडला. "पप्पा, समोरच्या तकिया टापूपर्यंत जाऊन येते. टेन्शन मत लेना!" शीड फडफडलं आणि बोट हळूहळू धक्क्यापासून सरकली.

"आता आठवडाभर फळ्या फुगतच राहतील," विश्वास मजेत सांगू लागला. "म्हणून मी सांध्यात कापसाची वात घालतो. वात दबते, फळीला जागा देते. मागे एकाने कडक मसाला भरला होता. फळ्यांना फुगायला जागाच नाही, मग जातात कुठे? आतल्या बरगड्यांवरचे स्क्रू उपटून बाहेर आल्या. तेही कधी, तर मधल्या पाण्यात, वाऱ्याचा जोर लागल्यावर."

दिलीपची नजर बोटीच्या निळ्या रंगावर गेली.

"दिलीपकाका! फोटो काढा ना!" बोटीतून स्वरदा ओरडली. विश्वास आवाजाच्या दिशेला वळून हसला. दिलीपने खिशातून मोबाइल काढला आणि फोटो काढला. पहिला हलला, म्हणून दुसराही काढला.

आत्ता हाक मारावी. परत ये म्हणावं. पण मग विश्वास विचारणार, का? त्या 'का'चं उत्तर द्यायची दिलीपची तयारी नव्हती. रेझिन उत्तम प्रतीचं आहे, त्याने स्वतःला सांगितलं. तासाभराचा तर प्रश्न आहे. संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून बोट वर घेऊ, सांधे कोरून काढू, कुणाला कळणारही नाही. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील सापडायचा नाही.

शीड वाऱ्याने भरलं. बोट एका अंगावर कलली आणि सुसाट निघाली. बघता बघता ती तळहाताएवढी झाली.

"कशी चाललीय? मला नुसता उजेड दिसतोय," विश्वास म्हणाला.

"छान."

"वारा वाढलाय. कलतेय का फार?"

"नाही, ठीक आहे."

दिलीपने डोळ्यांवर हात धरला. शीड मघापेक्षा बुटकं दिसत होतं. बोट पुढे सरकत नव्हती. स्वरदाचा हात खालीवर, खालीवर होत होता. ती डब्याने पाणी उपसत होती. मग तो हात थांबला, आणि ती उभी राहून दोन्ही हात हलवू लागली.

"दिलीप? दिसतेय ना?"

"बोटीत पाणी शिरलंय," दिलीप म्हणाला. "विश्वास, धक्क्यावरची मोटरलाँच पाठव. फळी सुटली असणार. सांध्यात मी रेझिन भरलंय."

 विश्वास वळला आणि धक्क्यावरून चाचपडत, ठेचकाळत लाँचकडे धावला. "भैया, मेरी बेटी! जल्दी!" लाँचवाल्याने विडी फेकली. "किधर, साहब?" विश्वासला दिशा सांगता येईना. दिलीपने हात लांब करून दाखवलं आणि स्वतःच लाँचमध्ये उडी मारली. विश्वास धक्क्यावरच राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत शीड पाण्यावर आडवं झालं. पांढऱ्या कापडाजवळ नारिंगी ठिपका दिसेनासा झाला, पुन्हा दिसला, पुन्हा दिसेनासा झाला. दिलीप उभ्या आयुष्यात एवढा घाबरला नव्हता.

स्वरदा उलट्या बोटीला धरून होती. पाय शिडाच्या दोरात अडकला होता. लाँचवाल्याने सुरीने दोर कापला तेव्हा कुठे ती वर आली. तिचे ओठ निळे पडले होते, बोलता येत नव्हतं.

धक्क्यावर आल्यावर विश्वासने तिला छातीशी धरलं, ती हुंदके देऊन थांबेपर्यंत धरून ठेवलं. कुणीतरी टॉवेल दिला, कुणीतरी चहा आणला. मागाहून ओढून आणलेल्या बोटीजवळ तो खाली बसला. उचकटलेल्या फळीची कड त्याने बोटांनी चाचपली. दगडासारखं रेझिन अखंड होतं, कुठे तडासुद्धा गेला नव्हता.

दिलीपने सगळं सांगितलं. बादल्या, नोटीस, तिसरा मजला, काही लपवलं नाही. "मला माहीत नव्हतं रे असं होतं म्हणून. आईशपथ माहीत नव्हतं."

"ते कळलं मला," विश्वास म्हणाला. आवाज चढला नव्हता. "चूक कुणाचीही होते. मी तुला वातीचं सांगितलं, तेव्हा कळलं ना तुला?"

"हो."

"तेव्हा ही कुठवर गेली होती? मला दिसत नव्हतं, म्हणून विचारतोय."

फार लांब गेली होती, असं सांगता आलं असतं. विश्वासने विश्वास ठेवलाही असता.

"फोटो काढा म्हणून ओरडली ना," दिलीप म्हणाला, "त्याच्या आधी. हाकेच्या अंतरावर."

चहाचा कप तोंडाशी नेता नेता स्वरदा थांबली आणि तिने काकाकडे पाहिलं.