सोवळ्याची दोरी

"दोरीस हात लावूं नका, मडी आहे! सोवळ्याचें लुगडें आहे तिच्यावर!"

स्वयंपाकघरातून रुक्मिणीबाई ओरडल्या आणि मुकुंदरावांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पाय उंबऱ्याला अडला आणि म्हातारा परसदारात सपशेल आडवा झाला. लागलं फारसं नाही, पण धोतर ओलं झालं, आणि ते पाण्यानं नव्हे, हे सून पंकजेसकट घरात सगळ्यांना कळलं.

तंजावरचं राज्य खालसा झालं, राजवाड्याच्या कोठीवरची चाकरी गेली, कुंभकोणमला मेलकावेरीत येऊन बिऱ्हाड करावं लागलं, हे सगळं त्यांनी निमूट गिळलं होतं. पुढे डोळे गेले, तेही गिळलं. पण परसाकडे जायला कुणाची तरी विनवणी करायची, हे काही घशाखाली उतरेना. म्हणून हट्टानं त्यांनी ओसरीपासून विहिरीपर्यंत काथ्याची दोरी बांधून घेतली होती, बरोबर कमरेच्या उंचीवर. दोरी हाती असली की ते कुणाचे मिंधे नसत. आणि हल्ली नेमक्या गरजेच्या वेळी तिच्यावर बायकोचं सोवळ्याचं ओलं लुगडं! नवरा पडला तरी चालेल, लुगडं विटाळता कामा नये!

मुलगा चंद्रमौली कचेरीत निघाला होता. "अप्पा, सांजेला येऊन दोरी काढून टाकतों. एक गडी ठेवूं. तो धरून नेईल तुम्हांस."

"मी काय बैल आहें, गड्यानें ओढून न्यायला?"

तो गेला. मुकुंदराव ओसरीवर धुमसत बसले. सोवळ्याचे कपडे वाळवायला छताखाली उंच वलणी होती. काठीनं लुगडं वर सरकवायचं, म्हणजे कुणाचा स्पर्श नको. मग ही बया वलणी सोडून दोरीवर का आली? आणि दिवसभर ओवळे हात लागणारी दोरी हिला चालली कशी? चिंचसुद्धा दोनदा धुऊन घेणारी बाई ही. त्यांचा राग तिथंच अडखळला.

"अगे," त्यांनी हाक मारली, "वलणीची काठी वर धरून दाखव."

"तुम्हांस काय दिसणार?"

"धर तर."

काठी उचलल्याचा आवाज आला, आणि लगेच ती खाली टेकल्याचा. मग रुक्मिणीबाई अगदी हळू म्हणाल्या, "खांद्याच्या वर हात जात नाहीं. दोरी घागरभर पाण्यानें धुऊन घेतें, मग लुगडें टाकतें. पंकजेस सांगूं नका."

त्यांना कळलं. सोवळ्यात विठोबाचा नैवेद्य रांधणं हेच तिचं राज्य. हात चालत नाही असं सुनेला कळलं, की पंकजा लगेच म्हणणार, अत्ते, तुम्ही आता बसा. बसा म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

सांजेला चंद्रमौली कोयता घेऊन आला. बायकोचं दुखणं एकदा सांगितलं असतं, तर सोवळं पंकजेकडे गेलं असतं आणि दोरी वाचली असती. मुकुंदरावांच्या ते अगदी ओठावर आलं होतं.

"दोरी राहूं दे," ते म्हणाले. "उद्यांपासून तिचें लुगडें वलणीवर मी घालीन. विहिरीवर न्हाऊन, ओल्या धोतरानें."

"अप्पा, तुम्हांस दिसत नाहीं!"

"हात आहेत कीं."

दुसऱ्या दिवशी दोरी मोकळी होती. ती धरून ते एकटेच परसाकडे गेले, विहिरीवर न्हाले. सोवळ्यात दोरी शिवायची नाही, म्हणून परतताना रुक्मिणीबाईंच्या आवाजामागून आले. काठी उचलली. लुगडं जमिनीवर. पुन्हा धुणं. पुन्हा जमिनीवर.

"डावीकडे! अय्यो, डावीकडे म्हटलें ना!"

"कुणाच्या डावीकडे?"

खांदे भरून आले, धोतरातून पाणी गळत होतं. शेवटी लुगडं वर बसलं एकदाचं.

"वांकडें बसलें," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"मग तूंच घाल ना!" ते खेकसले.

मुकुंदरावांनी जीभ चावली. त्यांनी काठी पुन्हा वर उचलली.

"किती वांकडें, तें सांग," ते म्हणाले.