टाकीवरचा नारळ

प्रकाशचंदने कचऱ्याचा डबा लाथेने पालथा केला आणि लोखंडाच्या किसाबरोबर नारळाची शेंडी बाहेर पडली.

"हे काय आहे?"

नथ्थू वेल्डर टाकीच्या पलीकडे उभा होता. त्याच्या हातात फडकं होतं आणि फडक्यावर लाल डाग. त्याने फडकं पाठीमागे नेलं.

"नथ्थू, मी तुला विचारतोय. काय आहे हे?"

"नारय शे, भाऊ."

"नारळ आहे ते मलाही दिसतंय! फोडला कुठं?"

नथ्थूने फडकं आणखी मागे सरकवलं. पण टाकीच्या वरच्या कडेवरून, नेमक्या जोडावरून, एक ओघळ खाली आला होता आणि पायथ्याशी फरशी ओली होती. प्रकाशचंदने बोट त्या ओल्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. किंचित खारट, किंचित गोड. त्याच्या डोक्यात अशी तिडीक गेली की दोन क्षण त्याला समोरचं काही दिसेना.

बाकी कुणाच्या कारखान्यात नव्या वस्तूवर नारळ फोडला तर कुणी भुवई उचलली नसती. जळगावात ट्रॅक्टर आला तरी नारळ, पिठाची गिरणी बसली तरी नारळ. पण ही टाकी स्टेनलेस स्टीलची होती, आणि मुंबईच्या अणुकेंद्रातलं विषारी सांडपाणी, ज्याच्याजवळ माणसाला उभंही राहता येत नाही असलं पाणी, तिच्यात साठवायचं होतं. या पोलादाचं मिठाशी वाकडं. घामातलं मीठ, विहिरीच्या पाण्यातलं मीठ, नारळाच्या पाण्यातलंसुद्धा. आज काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी जोडाजवळ केसासारखी चीर पडते, आणि तेव्हा टाकी रिकामी करायला आत जाणार कोण? म्हणून तर प्रकाशचंदने सगळ्यांना सुती पांढरे हातमोजे घालायला लावले होते. उघड्या हाताने टाकीला शिवायचं नाही, टेकायचं नाही, जवळ बसून डबाही खायचा नाही. शेजारचे कारखानेवाले हसत, की हा पोलादाचं सोवळं पाळतो.

आणि आता त्या सोवळ्यावर अख्खा नारळ फुटला होता.

"वर्षभर काय सांगतोय मी? हात लावू नका, हात लावू नका! आणि तू नारळ फोडतोस? कुंकू फासतोस? आज दहा वाजता साहेब येणार तपासायला, आज! तुला दुसरा दिवस नाही मिळाला?"

"भाऊ, मी नही फोडा."

"मग कुणी? भुतानं? किल्ली कुणाकडे असते? सकाळी शटर कोण उघडतं?"

"मी," नथ्थू म्हणाला. "मी फक्त पुशी टाकं."

"कुणी फोडला ते सांग."

नथ्थू खाली बघत राहिला. त्याच्या गप्प राहण्याने प्रकाशचंद आणखी पेटला. शिव्या त्याला येत नव्हत्या, घरात तसं वळणच नव्हतं. म्हणून तो नुसता ओरडत राहिला.

"साहेब गेले की तूही चालता हो. शिंदखेड्याला जा, नाहीतर कुठंही जा. पुन्हा या दारात दिसू नकोस!"

नथ्थूने मान हलवली आणि हातमोजे चढवून तो कामाला लागला. बॅटरीवाल्याच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड वॉटर होतं तेवढं सगळं ओतून दोघांनी ती कड धुतली, तीन-तीनदा पुसली. धुताना प्रकाशचंदने ठरवून टाकलं की साहेबांना यातलं अवाक्षर सांगायचं नाही. दिसत नाही ना? मग झालं.

सांगून परवडणारच नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्याने दाणाबाजारातली वडिलांची गादी सोडली, ती भांडून सोडली. सुगनचंदांची तीन पिढ्यांची धान्याची आडत, आणि एकुलता एक मुलगा म्हणतो मी इंजिनिअर, मी पाइपांचे झोके थांबवणार. पहिली दोन वर्षं त्याने तेच केलं. तेलगिरण्यांत, जिनिंग-प्रेसांत वाफेचे लांब पाइप थरथरतात, थरथरून सांध्यात तुटतात. त्यांना धरून ठेवणारे स्प्रिंगचे क्लॅम्प तो बनवी. मग हे टाकीचं काम हाती आलं.

"पाइप हलतो म्हणून कुणी पैसे देतं होय?" सुगनचंद म्हणाले होते. "लोकं खाली दोन विटा लावतात."

आणि पुढे सगळ्या आडत्यांसमोर म्हणाले होते, "चार वर्षं दिली. नाही उभं राहिलं तर मुकाट्यानं गादीवर येऊन बसायचं. आणि मी त्या लोखंडाच्या दुकानात पाय ठेवणार नाही, सांगून ठेवतो."

बोलले तसे वागले. उद्घाटनाला अख्खा दाणाबाजार आला, सुगनचंद आले नाहीत. वडीलधारं माणूस नाही म्हणून प्रकाशचंदने नारळही फोडला नाही. रागाने तो तसाच पिशवीत ठेवला, आणि पुढे तो नासला. चार वर्षं येत्या दिवाळीला भरत होती. ही टाकी मुदतीत पास झाली तर पुढच्या बारा टाक्यांचं काम याच कारखान्याला मिळणार होतं. नाही झाली तर गादी होतीच.

दहाला सुळे साहेब आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. त्यांनी जोड पाहिले, जाडी मोजली, आत बॅटरीचा उजेड टाकून पाहिलं. मान हलवत गेले. 

"आता पाणी मारून बघू," साहेब म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून हातपंपाची बाटली काढली.

ही तपासणी साधी. पोलाद स्वच्छ असेल तर शुद्ध पाण्याचा पातळ थर अंगभर सारखा बसतो. कुठं तेलातुपाचा अंश असला की पाणी तिथून मागे सरतं. साहेबांनी कडेपासून फवारा मारायला सुरुवात केली. पाणी बसलं. खाली मारला, पाणी बसलं. मग जोडाच्या खाली, छातीच्या उंचीवर, पाणी फाटलं.

आधी एका ठिकाणी फाटलं. मग त्याच्या खाली दोन ठिकाणी, मग तीन ठिकाणी. कोरड्या रेघा वळत गेल्या, एकमेकींना मिळाल्या, आणि ओल्या चकचकीत पोलादावर अक्षरं उभी राहिली. वर एक श्री. खाली दोन श्री. त्याखाली तीन. श्रींचा डोंगर.

"हे काय?" साहेब चष्मा वर करून म्हणाले. "कुणीतरी लिहिलंय."

प्रकाशचंद जवळ जाऊन वाकला. कुंकू तुपात कालवून, करंगळीशेजारच्या बोटाने, दिवाळीला नव्या वहीच्या पहिल्या पानावर असा श्रींचा डोंगर उभा करायची आडत्यांची रीत. लहानपणी तो ते बघायला मांडी घालून बसे. प्रत्येक श्रीची वेलांटी एवढी लांब ओढायची की ती शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर छत्रीसारखी यावी, असं जळगावात एकच माणूस लिही.

म्हणजे ते आले होते. चार वर्षं नाही आले, उद्घाटनाला नाही, तो टायफॉइडने घरी पडला आणि कारखान्याला कुणी नव्हतं तेव्हाही इथे डोकावले नाहीत. आणि आले ते आज, चोरासारखे, पहाटे, मुलगा यायच्या आत. आणि आले ते नेमके ज्याला नारळ चालत नाही त्याच्यावरच फोडून गेले! रडावं की टाकीवर डोकं आपटावं, त्याला कळेना. त्याने नथ्थूकडे पाहिलं.

"तुमना आबानी आन घाली व्हती, भाऊ," नथ्थू हळूच म्हणाला. "तुमले सांगानं नही म्हने."

सुळे साहेबांनी बाटली खाली ठेवली. ते वाईट माणूस नव्हते.

"पूजा केली वाटतं. चालायचंच. तूप आहे ना नुसतं? ते निघेल. पुन्हा नीट पुसून घ्या, मी दुपारी सही करतो." मग थांबून त्यांनी विचारलं, "नुसतं तूपच ना? दुसरं काही पडलेलं नाही ना?"

'नाही' हा शब्द प्रकाशचंदच्या ओठांवर तयार होता. सकाळपासून तयार होता. समोर ते सहा श्री सुकत चाललेल्या पाण्यात पुसट व्हायला लागले होते.

"नारळ फोडलाय," तो म्हणाला. "वरच्या जोडावर. पाणी जोडात गेलंय. आम्ही धुतलं."

साहेबांचा चेहरा बदलला. "कधी?"

"पहाटे."

"कुणी?"

"माझ्या वडिलांनी."

"धुतल्यावर बहुतेक निघून जातं," साहेब जोडावर वाकून बघत म्हणाले. "पण बहुतेकच्या भरवशावर ही टाकी पाठवता येत नाही. वरचा पट्टा जोडासकट कापा. नवा बसवा. मग बोलवा मला."

"मुदत?"

"लिहितो मी. पण वाढवून देणं माझ्या हातात नाही."

साहेबांची जीप गेली. नथ्थू आपली पिशवी खुंटीवरून काढत होता.

"कुठं निघालास?" प्रकाशचंद खेकसला.

"तुमीच म्हनेल व्हतं ना, चालता व्हय."

"ठेव ती पिशवी! पट्टा कोण कापणार, मी?" आणि मग, आवाज न उतरवताच, "चुकलं माझं. ठेव."

प्रकाशचंद तसाच निघाला. दाणाबाजारापर्यंत त्याने जे जे बोलायचं ठरवलं ते आठवून आठवून तो दात खात होता. गादीवर सुगनचंद ज्वारीचा नमुना तळहातावर घेऊन बसले होते. दोन शेतकरी समोर, दारात हमाल. घरात मारवाडी आणि पेढीवर मराठी, ही त्यांची शिस्त मुलाशी बोलतानाही मोडत नसे.

"साहेब आले होते?" त्यांनी ज्वारीवरची नजर न काढता विचारलं.

"तुम्हाला कसं ठाऊक साहेब येणार ते?"

सुगनचंदांनी ज्वारीचा एक दाणा दाताखाली फोडला.

"गेले साहेब. टाकी नापास."

तळहातावरची ज्वारी थोडी सांडली. "का?"

"नारळाच्या पाण्यामुळं. त्या पोलादाला मीठ चालत नाही. कापावी लागणार."

"म्हणजे माझ्यामुळं?"

 शेतकरी बघत होते, हमाल बघत होते. नाही म्हणणं सोपं होतं.

"हो," प्रकाशचंद म्हणाला. "तुमच्यामुळं! चार वर्षं वाट बघितली मी तुमची. एकदा यायचं होतं. दिवसा यायचं होतं, समोरून! मी दाखवलं असतं कुठं फोडायचा नारळ. आता घ्या. दिवाळीला चार वर्षं भरतायत. जिंकलात तुम्ही. झटका गादी, येतो बसायला."

 सुगनचंदांनी ज्वारी पोत्यात परत टाकली, हात झटकले, टोपी नीट केली आणि गुडघ्यांवर हात रेटत उठले.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"दाखव. काय बिघडवलंय ते बघू दे. आणि कापायला किती माणसं लागतात ते सांग, हमाल आहेत माझ्याकडे."

"हमालांचं काम नाही ते!"

"मग मला काय करता येईल ते सांग."

 प्रकाशचंदने खिशात हात घातला. सकाळचे हातमोजे तिथेच कोंबलेले होते. ते त्याने गादीवर जवळजवळ फेकलेच.

"आधी हे घाला. उघड्या हातानं काही शिवायचं नाही तिथं."

सुगनचंदांनी हातमोजे उलटसुलट करून पाहिले. बोटातली पुष्कराजाची अंगठी आड येत होती. ती त्यांनी ओढून काढली, गल्ल्यात टाकली आणि हातमोजे चढवले.

कारखान्यात जाऊन घातले असते तरी चाललं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. भरबाजारात, पोत्यांच्या थप्प्यांमधून, दोन्ही पांढरे हात छातीपुढे अधांतरी धरून सुगनचंद चालत राहिले. ओळखीच्या माणसांनी रामराम घातला, त्यांनी नुसती मान हलवली. वाटेत एक बैलगाडी आडवी आली तेव्हा धक्का लागून पडता पडता वाचले, पण त्यांनी गाडीला हात टेकला नाही. पुढे गेलेला प्रकाशचंद वळून ओरडला, "अहो, आत्ता धरलं तरी चालतं!" आणि तोंड फिरवून कोपऱ्यावर त्यांची वाट बघत उभा राहिला.