दारासमोरचा कापूस

"कापूस दारासमोरच पिंजायचा. गच्चीवर नाही, आतल्या खोलीत तर नाहीच. गल्लीला दिसला पाहिजे."

मितवल्लीची बायको एतिदाल हे सांगून गेली त्याला चार वर्षं झाली. इस्पितळाच्या खाटेवर श्वास पुरत नव्हता, तरी बाईला मुलीच्या गाद्यांची काळजी. तो दमलेला, तरीही हुकमी आवाज मितवल्लीच्या कानात अजून तसाच होता, आणि आज तो नेमका उलट निरोप घेऊन अतिय्या पिंजाऱ्याच्या दुकानात उभा होता. रविवारी मुलीच्या, नवाराच्या लग्नाच्या गाद्यांचा कापूस पिंजायचा ठरला होता. तो आता नको, एवढंच सांगायचं होतं.

अतिय्यानं धनुकली खाली ठेवली, भुवईवरचे तंतू झटकले. भाव जास्त वाटला का, म्हणून विचारलं.

"भाव नाही रे. दिवस बरे नाहीत. पौंड कुठे जाऊन आपटतोय बघतोयस ना. दोन महिन्यांनी पिंजू. कापूस काही नासत नाही."

"कापूस नाही नासत, उस्ताद," अतिय्या म्हणाला, "पिंजारी नासतो."

दोघंही हसले. मितवल्ली हलक्या मनानं घरी आला.

कैरोच्या उत्तरेचं दुम्यात हे पलंगांचं गाव. देशभरातल्या नव्या नवऱ्या इथल्या लाकडावर निजतात. मितवल्ली चौतीस वर्षं हाजी बदावींच्या कारखान्यात पलंगांच्या उशाकडच्या फळ्यांवर द्राक्षवेली कोरत होता. सोमवार-गुरुवारचे रोजे कधी चुकवले नाहीत, कुणाशी वर आवाज केला नाही, अंथरूण पाहून पाय पसरायचे हा त्याचा धर्मच होता. गल्लीत म्हणत, मितवल्लीनं पेटीतून कोट काढला की थंडी आली समजावं.

रविवारी त्याच्या दारासमोर पिंजाऱ्याचं बाकडं लागलं नाही. शेजारणी नटून आल्या होत्या, दोघींनी तर कापसावर टाकायला सुट्टी नाणीही मुठीत आणली होती. नवारानं त्यांना चहा दिला आणि दोन महिन्यांनी बघू म्हणाली. बायका परत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत गल्ली काय ते समजली.

काचवाल्यानं मुलीचे पडदे लांबवले. चहावाल्याच्या बायकोचा फ्रिज राहिला. ज्या घरांत लग्नं होती त्यांनी एकामागून एक अतिय्याला नको म्हणून कळवलं. शनिवारपासून कुणी एका पैशानंही गरीब झालं नव्हतं. पैसे होते तिथेच होते, कपाटात, उशीखाली. ज्यानं त्यानं आपलं घर राखलं, आणि त्यात कुणाचं काही चुकलं असं कुणालाच वाटलं नाही.

त्या दिवसांत मितवल्लीच्या शिकंज्यात जी फळी होती ती अतिय्याच्या मुलाच्या पलंगाची. महिनाभर तो तिच्यावर राबला होता, एका कोपऱ्यातली पानं तेवढी राहिली होती. बुधवारी अतिय्या कारखान्यात आला. त्याच्याकडे न बघता हाजींसमोर जाऊन उभा राहिला आणि पलंग नको म्हणाला. बयाणा बुडाला तरी चालेल. हाजींनी कारण विचारलं.

"सात घरांनी हात आखडला, हाजी. माझ्या हाताला काम नाही आणि पोराला नक्षीच्या पलंगावर निजवू?"

मितवल्ली पटाशी ठेवून उठला. म्हणाला, या रविवारी बाकडं आण, माझा कापूस पिंजून टाक.

"तुझा पिंजीन की," अतिय्या म्हणाला. "बाकीचे सहा तुझ्याकडे बघून थांबलेत, त्यांच्या दारात जाऊन कोण सांगणार?"

मितवल्ली गेला. सहाही घरी गेला. सगळ्यांनी आदरानं बसवलं, चहा दिला, पुढे जिलबीसारख्या मशब्बिकची बशी सरकवली. पण आधी याला काय कळलं होतं आणि आता काय कळलंय, हे प्रत्येकाला जाणून घ्यायचं होतं. मला काहीच कळलं नव्हतं, मी नुसता घाबरलो होतो, असं तो खरं सांगत गेला. त्यावर एकाचाही विश्वास बसला नाही. मितवल्लीसारखा माणूस उगाच घाबरत नाही.

तोवर हाजींनी माणसं कमी करायला सुरुवात केली होती. फळी कोरून झाली नाही तर तिला पॉलिश कशाचं करायचं? म्हणून पहिला गेला तो पॉलिशवाला. पॉलिशवाला म्हणजे सुब्ही. नवाराशी ज्याचं लग्न फातिहा वाचून ठरलं होतं, तोच.

रविवारी बाकडं लागलं. दारासमोरच लागलं. अतिय्यानं धनुकलीला हात घातला आणि कापूस उडू लागला. तीन बायका आल्या, त्याही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एकीनंही आनंदाचा हेल काढला नाही. अर्धी गादी झाली असेल-नसेल, सुब्हीची आई कोपऱ्यावरून येताना दिसली. काळी शाल, बरोबर कुणी नाही. मितवल्लीनं तिला आत बोलावलं. ती बाहेरच थांबली.

"कापूस थांबवा, उस्ताद. पोरगा लिबियात चाललाय मामाकडे. परत कधी येईल अल्लाला माहीत. तुमच्या लेकीला आमच्या नावानं बसवून ठेवू नका."

मितवल्ली म्हणाला, आम्ही थांबू. वर्ष थांबू, दोन वर्षं थांबू.

"थांबणं तुम्हाला जमतं," ती शांतपणे म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट. "तुम्ही शहाणे, तुम्ही सगळ्यांच्या आधी थांबलात. आम्हाला उशिरा कळलं."

ती गेली. भिंतीजवळच्या बायका पायांकडे बघत राहिल्या. अतिय्यानं धनुकली आवरायला घेतली, तेव्हा नवारा उंबऱ्यावरून खाली आली. केसांत कापूस अडकला होता. तो तिनं काढला नाही.

"काका, पिंजा पूर्ण. अर्धवट ठेवू नका. कुणाच्या तरी कामाला येईल."

त्यानं पिंजला. मजुरी मात्र घेतली नाही, आणि त्यानंतर दुकानावरून जाताना मितवल्लीनं केलेल्या सलामालाही त्यानं पुन्हा उत्तर दिलं नाही.

गुरुवारी हाजींनी मितवल्लीला बोलावून घेतलं, स्वतःच्या हातानं चहा ओतला. अतिय्यानं सोडलेला तो पलंग कैरोचा एक व्यापारी घ्यायला तयार होता, पण साधा, सपाट. नक्षी आता कुणी घेत नाही, पुसायला त्रास. वेली उतरवून फळी सारखी करून द्यायची होती.

"दुसऱ्या कुणाच्या हातात रंधा दिला तर लाकूड फाडून ठेवेल," हाजी म्हणाले. "लाकूड तुझ्या ओळखीचं आहे. शनिवारी येशील? तेवढं एकच काम आहे माझ्याकडे. पुढचं विचारू नकोस."

रोजा होता, त्यानं चहाला हात लावला नाही. "येईन," म्हणाला. "शब्द दिला."

शनिवारी फजरची नमाज झाल्यावर त्यानं रंध्याचं पातं काढलं, दगडावर पाणी शिंपडून बराच वेळ घासलं, अंगठ्यावर धार बघितली. नवारानं भाकरी आणि पांढरं चीज फडक्यात बांधून दिलं. कारखान्यात काम आलंय म्हणून तिचा चेहरा जरा उजळला होता. कसलं काम, तिनं विचारलं.

"थोडंच आहे," तो म्हणाला. "दुपारपर्यंत होईल."

रंधा काखेत धरून, दार वाजू न देता ओढून घेत, तो बाहेर पडला.